पिलबॉक्स वाचायचा तो जंगीतून

वाचकांचे प्रश्न : केनेट–एव्हन कालव्यावरची १९४० ची संरक्षणरेषा

इंग्लंडच्या दक्षिण भागात रेडिंगपासून ब्रिस्टलकडे जाणारा केनेट–एव्हन कालवा सुमारे १४० किलोमीटर लांबीचा आहे. तिकडे राहणारे आणि सुट्टीत मुलांकडे जाणारे आपले अनेक वाचक या कालव्याच्या काठाने चालतात. काठावरच्या काँक्रीटच्या छोट्या गढ्यांबद्दल त्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

रेडिंगहून बेडविनकडे जाणाऱ्या रेल्वेतून कालव्याकाठी सहा भिंतींच्या, बारीक फटी असलेल्या काँक्रीटच्या खोल्या दिसतात. जुनी पंपघरं आहेत का?
— एक वाचक, रेडिंग

पंपघराला पाइप लागतात आणि ते पाण्याला चिकटून असतं. तुम्ही पाहिलेल्या खोल्या पाण्यापासून थोड्या मागे, शेताच्या कडेला किंवा चढावर असतील. त्यांना पिलबॉक्स म्हणतात. आत बसून बंदूक किंवा मशीनगन चालवायची, एवढ्याच कामासाठी त्या बांधल्या.

२६ मे ते ४ जून १९४० या दिवसांत जर्मनांपुढे माघार घेऊन डंकर्कहून ब्रिटिश सैनिक परत आले, पण त्यांच्या तोफा, रणगाडे आणि गाड्या बहुतांशी फ्रान्समध्येच राहिल्या. आता जर्मन फौज इंग्लंडवर उतरेल अशी भीती होती. २७ मे रोजी जनरल एडमंड आयर्नसाइड यांच्याकडे मायदेशातल्या फौजांची सूत्रं आली. धावून जाऊन शत्रूला गाठेल अशी फिरती फौज उभारायला त्यांच्याकडे साधनं नव्हती, म्हणून त्यांनी जमिनीलाच कामाला लावलं. किनाऱ्यावर एक पातळ फळी ठेवली आणि तिच्या मागे नद्या, कालवे व रेल्वेचे भराव एकमेकांना जोडून रणगाडे अडवणाऱ्या रेषा आखल्या. त्यांतली मुख्य ती जीएचक्यू (जनरल हेडक्वार्टर्स) लाइन. लंडन आणि मधल्या इंग्लंडचे कारखाने तिच्या आडोशाला होते. पश्चिमेला सेमिंग्टनपासून पूर्वेला थीलपर्यंत ती या कालव्याच्या काठाने जाते आणि त्या तुकड्याचं नाव ‘ब्लू’.

कालवा हा आयता खंदक होता. १८१० साली तो पूर्ण झाला तेव्हा मालवाहतुकीसाठी होता. १९४० मध्ये मालकी ग्रेट वेस्टर्न रेल्वेकडे होती आणि वाहतूक फारशी उरली नव्हती. पाण्याची खोली जेमतेम माणसाच्या छातीएवढी. पायदळ त्यातून चालत पार होईल. रणगाड्याची गोष्ट वेगळी: काठ उभे, आणि पाणी झिरपू नये म्हणून तळाला मळलेल्या चिकणमातीचा जाड थर. वीस टनांचं धूड त्यात उतरलं की रुतणार. कालवा आपल्यापुरता रणगाडा अडवेल, पार होणाऱ्या पायदळावर मात्र कोणीतरी गोळी झाडायला हवी. त्यासाठी हे पिलबॉक्स.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आयर्नसाइड यांच्या जागी अ‍ॅलन ब्रुक आले. फौज रेषेवर पसरून ठेवण्यापेक्षा ती फिरती ठेवून उलट हल्ला करावा, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे आतल्या रेषांचं बांधकाम मागे पडलं. या कालव्यावर शत्रू कधी पोचलाच नाही. देशभरात मिळून त्या काळात पिलबॉक्स आणि तत्सम पक्की ठाणी सुमारे २८,००० बांधली गेली, त्यांतली साधारण ६,५०० आज उरली आहेत असं मानलं जातं.

सगळे पिलबॉक्स षटकोनीच दिसतात. ‘टाइप २२’, ‘टाइप २४’ हे कसं ठरवायचं?
— दोन वाचक, स्विंडन आणि स्लाउ

युद्ध खात्याच्या तटबंदी विभागातल्या ‘एफडब्ल्यू ३’ या शाखेने १९४० च्या उन्हाळ्यात नमुना नकाशे काढले. हे क्रमांक तिथून आले. पिलबॉक्सवर ते कुठेही कोरलेले नसतात, म्हणून मोजपट्टी हवी.

आधी मागची भिंत मोजा, म्हणजे दार असलेली. सहाही बाजू सारख्या, प्रत्येकी सुमारे सहा फूट (१.८ मीटर), आणि दार सोडून उरलेल्या पाचही भिंतींत जंगी, म्हणजे गोळी झाडायची फट, असेल तर तो टाइप २२. मागची भिंत चांगली लांब, चौदा फुटांच्या आसपास, उरलेल्या पाच सात-आठ फुटांच्या, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटी जंगी असेल तर टाइप २४. हाच सर्वांत जास्त आढळतो. दहा फुटांचा चौरस डबा दिसला तर तो टाइप २६. या सगळ्यांपेक्षा बराच मोठा, जवळपास चौकोनी, समोर रुंद उघडं तोंड आणि मागे तोफ ढकलत आत नेता येईल एवढं दार असेल, तर तो दोन पौंडी रणगाडाविरोधी तोफेसाठीचा टाइप २८. त्याच्याच कुशीत पायदळाची स्वतंत्र खोली असेल तर २८ अ. हे मोठे पिलबॉक्स पुलांवर आणि पुलाकडे येणाऱ्या रस्त्यावर नेम धरून बसवलेले असतात, कारण रणगाडा पार होणार तो तिथूनच.

क्रमांकापेक्षा भिंतीची जाडी अधिक सांगते. ती दाराच्या किंवा जंगीच्या कडेला मोजायची. १२ इंच (३० सेंटिमीटर) असेल तर ती रायफल आणि मशीनगनची गोळी थोपवते. ३६ ते ४२ इंच असेल तर तोफगोळ्याचा विचार केलेला आहे. टाइप २४ दोन्ही जाडींत मिळतो, म्हणून नुसतं ‘टाइप २४’ लिहून थांबलात तर अर्धीच माहिती लिहिलीत.

चुका ठरावीक होतात. विटांचा थर काँक्रीटमध्ये धरून जाडी लिहिली जाते. वीट असेल तर ती वेगळी मोजा, अर्ध्या विटेचा थर साडेचार इंचांचा असतो. ऐंशी वर्षांत बाहेर माती चढते आणि जंगी जमिनीलगत आली की लोक समजतात पिलबॉक्स पुरलेला होता. आतली उंची मोजली की खरी पातळी कळते. शिवाय काम स्थानिक कंत्राटदारांनी केलं, त्यांनी नकाशात आपल्या सोयीने फेरफार केले. मोजमाप नमुन्याशी जुळत नसेल तर ओढूनताणून क्रमांक देऊ नका, मापं तेवढी लिहा.

आत शिरल्यावर मधोमध इंग्रजी वाय किंवा टी अक्षरासारखी भिंत दिसते. एका जंगीतून घुसलेली गोळी भिंतींवर आपटत खोलीभर फिरू नये म्हणून ती आहे. स्लॅबला आधार मिळतो हा दुसरा फायदा.

इतक्या घाईत केलेलं काँक्रीट ऐंशी वर्षं टिकलं कसं? आमच्याकडे पंचवीस वर्षांत स्लॅबचे पोपडे पडतात.
— स्थापत्य अभियंता, नाशिक

प्रश्नाचं उत्तर बरंचसं वजनात आहे. हिशेब करून पाहू. बाजू १.८ मीटर, भिंत ३० सेंटिमीटर, आतली उंची १.९ मीटर, स्लॅब ३० आणि तळ १५ सेंटिमीटर धरा. उघडी जागा वजा करून नऊ घनमीटर काँक्रीट होतं, म्हणजे जवळजवळ २२ टन. आता खोली तेवढीच ठेवून भिंत फक्त ४२ इंच करा. काँक्रीट ३३ घनमीटरवर आणि वजन ८० टनांच्या घरात जातं. १:२:४ च्या (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाला आजच्या आपल्या पन्नास किलोच्या पोत्यांचा हिशेब लावला तर पहिल्याला साधारण ५७ पोती सिमेंट लागेल आणि दुसऱ्याला दोनशेच्या वर.

एवढ्या जाड, बुटक्या भिंतीवर स्वतःच्या वजनापलीकडे जवळपास भारच नाही. ती दाबाखाली उभी आहे आणि दाब सोसणं काँक्रीटला जमतंच. तिच्यातली सळई गंजली तरी भिंत कोसळत नाही. तुमच्या इमारतीतला पाच इंची स्लॅब वाकण्याचा ताण सोसतो, तिथे सगळी भिस्त सळईवर. पिलबॉक्समध्येही आधी बिघडतो तो स्लॅबच.

बिघाडाचा क्रम तुमच्या ओळखीचा आहे. सळईखाली कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, कमी पडलेलं असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, काँक्रीटचा अल्कली गुण जातो, सळईवरचं संरक्षण संपतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि खालचा पापुद्रा सुटतो. छताला आतून पाहा: तांबूस डागांच्या समांतर रेषा दिसल्या तर त्या सळयांच्या रेषा आहेत, आणि सळयांमधलं अंतर काहीही न फोडता मोजता येतं.

बाहेरच्या भिंतीवर आडवी, किंचित वाकडी रेष गेलेली असते. तिथे त्या दिवशीचं काम थांबलं, दुसऱ्या दिवशीचा माल वर पडला आणि कोल्ड जॉइंट, म्हणजे एकजीव न झालेला सांधा, राहिला. पाणी तिथूनच शिरतं. कोपऱ्यांत आणि जंगीच्या खाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळ खडी दिसते. माल हाताने दाटून भरला होता, जंगीच्या चौकटीखाली दांडा पोचलाच नाही.

शटरिंगची, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याची, कथा यापेक्षा रंजक आहे. त्या उन्हाळ्यात लाकडाचा तुटवडा होता. म्हणून बऱ्याच ठिकाणी बाहेरून विटांची भिंत उभी करून तिच्यामागे काँक्रीट ओतलं. तेच शटरिंग, आणि ते कधी काढायचंच नाही. कुठे पन्हाळी पत्रे वापरले. जिथे लाकूड मिळालं तिथे फळ्यांचे शिरे आणि गाठी काँक्रीटवर आजही उमटलेल्या दिसतात. विटांचा हा अंगरखाच पुढे दुखणं ठरला: वीट आणि काँक्रीट यांच्या मधल्या फटीत पाणी जातं, थंडीत गोठतं, फुगतं आणि वीट बाहेर ढकलतं. अख्खी भिंत सोललेली दिसली तर लोकांनी विटा चोरल्या असं लगेच ठरवू नका.

झाडाचं मूळ आणि काठ या उरलेल्या दोन गोष्टी. अ‍ॅश किंवा सिकॅमोरचं रोप कोल्ड जॉइंटमध्ये रुजलं की फट रुंदावते. आणि पाण्याने काठ खालून कापला तर ८० टनांचा पिलबॉक्स न तुटता, अखंड, पुढे झुकतो. अशा झुकलेल्या पिलबॉक्सच्या खालच्या अंगाला कधीही उभं राहू नका.

आम्ही सह्याद्रीतले किल्ले पाहणारे. या पिलबॉक्सला जंगी, देवडी असं काही असतं का? तोंड कुठल्या दिशेला?
— दुर्गप्रेमी गट, सातारा

जंगी हाच शब्द इथे चपखल बसतो. पिलबॉक्स समजून घ्यायचा तर भिंतीकडे पाहून भागत नाही, जंगीतून काय दिसतं ते पाहावं लागतं. आपल्या तटातली जंगी आतून रुंद, बाहेर अरुंद आणि खाली उतरती असते, कारण शत्रू पायथ्याशी असतो. कालवा सपाटीवर आहे, म्हणून इथे कोन आडवा फाकवलेला. जाड भिंतीत जंगी बाहेरच्या अंगाला रुंद करावी लागते, नाहीतर बंदूक फिरवायला वाव नाही. पण बाहेर रुंद आणि गुळगुळीत उतार ठेवला तर शत्रूची गोळी नरसाळ्यात पडल्यासारखी घसरत आत येते. म्हणून तो उतार पायऱ्यापायऱ्यांचा केला. गोळी पायरीवर आपटते आणि तिथेच संपते. पायऱ्या मोजा आणि टिपा, बांधणाऱ्याची समज त्यांत दिसते.

सहा बाजू ठेवल्या त्या सरळ फळ्यांचं शटरिंग सोपं पडतं म्हणून, आणि शेजारशेजारच्या जंग्यांचे पल्ले एकमेकांत गुंततात म्हणूनही. तरीही अगदी भिंतीलगतची जागा कुठल्याच जंगीतून दिसत नाही. बुरुजाच्या पायथ्याशी हेच होतं आणि त्यावर शेजारचा बुरूज हेच उत्तर असतं. इथेही शेजारचा पिलबॉक्स ती जागा झाकतो. एकटा पिलबॉक्स सापडला तर चारपाचशे मीटरच्या आत त्याचा जोडीदार शोधा. तो उभा नसेल तर त्याचा तळ किंवा झुडपांचा संशयास्पद उंचवटा सापडू शकतो.

शत्रू दक्षिणेकडून येणार होता. त्यामुळे बहुतेक पिलबॉक्स उत्तर काठावर, जंग्या दक्षिणेला आणि दार उत्तरेला. दारासमोर आडवी भिंत किंवा आत शिरताना वळण असेल तर तुम्हाला आपला गोमुखी दरवाजा आठवेल. हेतू तोच: सरळ मारा आत पोचू नये. दार पाण्याकडे असलेला पिलबॉक्स दिसला तर चूक झाली असं समजू नका. गावाला किंवा पुलाला चहूबाजूंनी वेढून धरायचं असलं की काही जंग्या मुद्दाम उलट दिशेला ठेवत.

रेषेतल्या अवघड जागा नकाशावर शोधण्यासारख्या आहेत. सॅव्हर्नेकजवळ ब्रूस बोगद्यात कालवा ४५९ मीटर जमिनीखालून जातो. तेवढ्या पट्ट्यात वरून पाण्याचा अडथळाच नाही. अशा जागी चर खणावा लागतो किंवा काँक्रीटचे ठोकळे मांडावे लागतात. लॉकची, म्हणजे नावा वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या कप्प्यांची, दारंही दुबळी जागा: ती फुटली तर दोन लॉकमधलं पाणी ओसरतं, मग भरवसा फक्त चिखलाचा.

मराठा पलटणीचा अशा काँक्रीटच्या रेषांशी कधी सामना झाला का?
— निवृत्त सैनिक, कोल्हापूर

या कालव्यावर नाही. पण पाण्याच्या काठाने बांधलेली संरक्षणरेषा फोडण्याचं काम मराठा लाइट इन्फंट्रीने इटलीत केलं. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडायची होती. उंच पूरबांध घालून नदी कालव्यासारखी बांधून काढलेली, आणि जर्मन मशीनगनी त्या बांधांतच खणून बसवलेल्या. पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले, कंपनीचे निरोपे होते. त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. मग परत जाऊन तीन मशीनगन ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून पलटणीची युद्धघोषणा देत मागच्या कंपन्यांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच पलटणीचे नाईक यशवंत घाडगे, आजच्या रायगड जिल्ह्यातले, १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात एकट्याने मशीनगनचं ठाणं घेऊन तिथेच धारातीर्थी पडले. त्यांनाही मरणोत्तर तोच सन्मान मिळाला.

केनेट–एव्हनच्या काठावर बचावणाऱ्याच्या बाजूने जे पाहतो, ते सेनिओवर हल्ला करणाऱ्याच्या बाजूने पाहता येतं. बांधापलीकडून जंगी सापडणं किती कठीण, आणि एक ठाणं बंद पडलं की शेजारचं कसं उघडं पडतं, हे नामदेव जाधवांनी एका लढाईत दाखवून दिलं.

मुलांना घेऊन आत जावं का? आणि कधी जावं?
— एक वाचक, न्यूबरी

पाहायला उत्तम महिने जानेवारी आणि फेब्रुवारी. खाजकुयलीसारखी आग करणारी नेटल झुडपं मेलेली असतात, पानं गळलेली असतात आणि जंग्यांची दिशा स्पष्ट दिसते. पण हेच दिवस वटवाघळांच्या शीतनिद्रेचे. त्यांना त्रास देणं ब्रिटनमध्ये कायद्याने गुन्हा आहे, आणि एकदा जागं झालेलं वटवाघूळ थंडीत साठवलेली चरबी गमावून मरू शकतं. म्हणून हिवाळ्यात बाहेरूनच पाहा. काही पिलबॉक्सच्या जंग्या विटांनी बुजवून वर बारीक फट ठेवलेली असते. ती मुद्दाम केलेली वटवाघळांची वाट आहे, मोकळी करू नका.

किंटबरी स्थानकावर उतरून हंगरफर्डपर्यंत काठाने चाला, अंतर साधारण पाच किलोमीटर. वाटेत पिलबॉक्स दिसतात, शेवटी डनमिल लॉक लागतो आणि परतायला पुन्हा रेल्वे. काठाची वाट मोकळी आहे, शेतातला पिलबॉक्स मात्र खाजगी जमिनीवर असतो. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय कुंपण ओलांडू नका.

एक धोका मुलांना नीट समजावून सांगा. होमगार्डला, म्हणजे युद्धकाळातल्या ब्रिटिश स्वयंसेवक दलाला, काचेच्या बाटल्यांतले फॉस्फरसचे बॉम्ब दिले होते. आकार छोट्या सोडा-बाटलीएवढा, वर पत्र्याचं बूच, आत पिवळट द्रव. बाटली फुटून द्रवाला हवा लागली की तो पेट घेतो. यांचे साठे पुरून ठेवले आणि विसरले गेले, इंग्लंडमध्ये ते अजूनही निघतात. अशी बाटली दिसली तर हात लावू नका, हलवू नका, लांब जा आणि ९९९ वर कळवा.

आमच्या गावच्या गटाला जवळचा पिलबॉक्स साफ करून रंगवायचा आहे. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, विल्टशर

रंगवू नका. आतल्या भिंतीवर पेन्सिलच्या खुणा, पल्ल्याची अंतरं, जुन्या रंगाचे ठिपके असू शकतात. छताच्या कडेला लोखंडी आकडे दिसतील, ते छद्मजाळी अडकवण्यासाठीचे. तारेच्या ब्रशने ‘स्वच्छ’ केलेल्या भिंतीवरून हे सगळं कायमचं जातं. काही पिलबॉक्स संरक्षित यादीत आहेत. तिथे परवानगीशिवाय काहीही बदलणं गुन्हा ठरतं, म्हणून आधी परगण्याच्या हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट रेकॉर्ड कार्यालयात चौकशी करा.

आयव्हीची वेल ओढून काढू नका, तिच्यासोबत वीट आणि काँक्रीटचा पापुद्रा निघून येतो. बुंधा जमिनीजवळ कापा आणि वरची वेल आपोआप वाळू द्या. छतावरची माती मुद्दाम घातलेली असू शकते, ती काढलीत तर स्लॅबवर पाणी साचतं आणि थंडीचा मारा थेट बसतो. सुटलेल्या विटांवर घट्ट सिमेंटचा गिलावा देऊ नका, आत अडकलेलं पाणी गोठून पुढचा थर काढेल. छत पोकळ आहे का हे पाहायला लाकडी दांड्याने हलकेच ठोका. बद्द आवाज आला तर त्याखालून बाजूला व्हा आणि तो भाग अभियंत्याला दाखवा.

सफाईपेक्षा नोंद जास्त मोलाची. १९९५ ते २००२ या काळात ‘डिफेन्स ऑफ ब्रिटन’ प्रकल्पात स्वयंसेवकांनी देशभरातल्या जवळपास वीस हजार जागांची नोंद केली, पण त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत कितीतरी ठिकाणची स्थिती बदलली आहे. ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनच्या सरकारी नकाशांचा) आठ आकडी ग्रिड संदर्भ घ्या, तो जागा दहा मीटरपर्यंत नेमकी सांगतो. या रेषेच्या बहुतेक भागाला ‘एसयू’ ही अक्षरं लागतात, सेमिंग्टनकडे ‘एसटी’. प्रत्येक भिंतीसमोर मोजपट्टी उभी धरून एकेक फोटो काढा. मग प्रत्येक जंगीकडे बाहेरून पाठ करून उभे राहा, होकायंत्राने मधली दिशा वाचा आणि त्या दिशेने आज काय दिसतं ते लिहा: पूल, लॉक, वळण, की नुसती झाडी. होकायंत्र भिंतीपासून मीटरभर पुढे धरा, नाहीतर आतल्या सळया काटा ओढतात आणि सगळ्या दिशा चुकतात.